सर्व्हर चालू होता, फॉर्म बंद होता

शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशाचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म. आमच्या मुलांचे शिक्षण वर्गात सुरू होते आणि पोर्टलवर अडकते. शिक्षकांचेही वेगळे नाही. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ यांचे पासवर्ड आम्हाला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ असतात. त्यामुळे 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य नांदेडच्या कोणत्याही नेट कॅफेत नवीन नाही. मला लिहायचे आहे ते त्यावर मिळणाऱ्या उत्तराबद्दल: "आमच्याकडे तर सर्व्हर चालू होता." हे उत्तर देणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. खरी अडचण तिथेच आहे.

माझी भाची लातूरला अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. तिचे अब्बा गंजगोलाईत एका दुकानात कामाला. उत्पन्नाचा दाखला हातात आला तोच शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी दुपारी. रात्री साडेनऊला तिचा फोन, "मामू, सगळं भरलंय, पण सबमिट दाबलं की नुसतं गोल फिरतंय." मी इकडे नांदेडमध्ये तेच पोर्टल मोबाइलवर उघडले. पहिले पान आले, सूचना आल्या, लॉगिनच्या पुढे मात्र काही हलेना. बारा वाजले, मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मदत क्रमांकावरच्या मुलाने अदबीने सांगितले की काल रात्री सर्व्हर बंद नव्हता, त्यांच्या स्क्रीनवर सगळे हिरवे दिसते आहे. त्या वर्षाची फी बहिणीने भिशी उचलून भरली. पोर्टलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे कुठल्याही पोर्टलवर होऊ शकते.

ते 'हिरवे' म्हणजे काय, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावले. उर्दू माध्यमातून दहावी झालेला हा मुलगा आज पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. त्याच्या सांगण्यावरून मी शाळेच्या लॅबमधल्या एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकले आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच्यावर नजर ठेवून पाहिली.

दूरच्या यंत्राची विचारपूस करण्याची जुनी, सर्वमान्य पद्धत म्हणजे एसएनएमपी, अर्थात सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. १९८८ पासून ती वापरात आहे. ज्या यंत्रावर नजर ठेवायची त्यावर एक छोटा प्रोग्राम बसतो, त्याला एजंट म्हणतात. दुसरीकडून व्यवस्थापक ठराविक वेळाने त्याला प्रश्न विचारतो: मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, कोणत्या प्रोसेस चालू आहेत? प्रश्न १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. काही बिघडले तर एजंट स्वतःहूनही कळवतो, ते १६२ वर येते. उर्दूत 'खबर लेना' म्हणजे विचारपूस करणे आणि कान उपटणेही. मराठीने 'खबर घेणे' उचलताना त्यातले कान उपटणे तेवढे ठेवले. एसएनएमपीत मात्र उर्दूतली पहिली खबर आहे, खुशाली विचारणारी.

प्रत्येक माहितीला एक लांबलचक आकडी पत्ता असतो. चालू प्रोसेसची यादी १.३.६.१.२.१.२५.४.२ या पत्त्याखाली मिळते. त्या यादीत प्रत्येक प्रोसेसपुढे १ ते ४ पैकी एक आकडा येतो. १ म्हणजे आत्ता काम करते आहे, २ म्हणजे करायला तयार आहे, ३ म्हणजे थांबलेली, ४ म्हणजे बाद. ऐकायला किती छान! पण आमच्या प्रयोगात विद्यार्थ्याने फोनवर सांगून मला डेटाबेसला कुलूप लावायला लावले. वेबसाइट तत्काळ अडकली, पान उघडेना. यादीत मात्र वेब सर्व्हरची प्रोसेस जागच्या जागी होती आणि तिच्यापुढे २ हाच आकडा होता. काम नाही म्हणून निवांत बसलेली प्रोसेस आणि डेटाबेसच्या उत्तरासाठी ताटकळलेली प्रोसेस, दोघींपुढे २. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे हिरवे.

आम्हा मास्तरांना यात अवघड काहीच नाही. हजेरी घेताना "हाजिर, सर" म्हणणारा मुलगा जागा आहे एवढे कळते, तो शिकतो आहे हे कळत नाही. ते कळायला फळ्यावरचे वाक्य वाचायला लावावे लागते.

यात एसएनएमपीचा दोष नाही. यंत्राच्या पोटात काय दुखते आहे हे सांगायला ती आजही उपयोगी आहे. स्विच, राउटर, यूपीएस यांना तर बऱ्याचदा तेवढी एकच भाषा येते. हां, जुन्या आवृत्त्यांत पासवर्डच्या जागी असलेला शब्द जाळ्यावरून उघडा जातो आणि बऱ्याच ठिकाणी तो 'पब्लिक' असा मूळचाच राहू दिलेला असतो. तिसऱ्या आवृत्तीत कुलूपकिल्लीची सोय आहे, ती वापरावी.

एसएनएमपीशिवायही रस्ते आहेत. सुरक्षित लॉगिन करून दूरच्या यंत्रावरच प्रोसेसची यादी काढता येते. नाजिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस यांसारखी मोफत साधने त्यांचे स्वतःचे दूत बसवतात. सर्व्हरनेच दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप पाठवावा आणि निरोप चुकला की घंटा वाजावी, अशीही सोय करता येते. पण हे सगळे पुन्हा हजेरीचेच प्रकार. फळ्यावरचे वाक्य वाचायला लावणे म्हणजे बाहेरून, एखाद्या साध्या मोबाइल नेटवर्कवरून, दर पाच मिनिटांनी एका चाचणी विद्यार्थ्याच्या नावाने लॉगिन करायचे, फॉर्म भरायचा, जतन करायचा आणि पावती मिळते का ते पाहायचे. हे आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहायला मोठा खर्च नाही. पावती आली तर पोर्टल चालू, नाही तर बंद. आत किती दिवे हिरवे आहेत याच्याशी लातूरच्या मुलीला काय करायचे?

लातूरकरांना हे मी सांगायची गरज नसावी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा स्टेशनात किती लिटर उतरले याचे आकडे रोज पेपरात असत. गल्लीच्या शेवटच्या घरातली बाई मात्र आपल्या घागरीवरूनच हिशेब करायची. टाकीची पातळी मोजणे आवश्यक आहेच, पण नळाला पाणी आले का हे टाकीला विचारून कळत नाही.

आता जरा आपल्या घरातले बोलू. असा फॉर्म अडकला की आपल्या मोहल्ल्यात पहिले वाक्य येते, "आमच्याच पोरांचं मुद्दाम करतात." मला हे पटत नाही. अडकलेला डेटाबेस नाव वाचून अडकत नाही. त्या रात्री त्याच रांगेत कांबळे, जाधव, राठोड यांचीही मुले फिरणारा गोल पाहत बसली असतील. पण संशय नुसता दटावून जात नाही. जिथे माहिती मिळत नाही तिथे तो राहणारच. आणि दुसरी बाजूही बोलली पाहिजे. 'सर्व्हर डाउन' हा शब्द आपल्याही लोकांना सोयीचा झाला आहे. आठवडाभर फॉर्मला हात न लावणारा शाळेचा कर्मचारी, आधी पैसे घेऊन नंतर टाळणारा कॅफेवाला, दोघेही त्याच्या आड लपतात. कोणत्या दिवशी, किती वाजता फॉर्म खरोखर स्वीकारला जात नव्हता याची नोंद सर्वांसमोर असेल, तर सरकारी स्क्रीनचे हिरवे आणि आपल्या माणसांचे बहाणे एकाच वेळी उघडे पडतील.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की ही नोंद लोकांची आहे. ती पोर्टलच्या पहिल्या पानावर असावी. शेवटच्या तीन दिवसांत चाचणी फॉर्म जितके तास गेला नाही, तितके तास मुदत आपोआप वाढावी. आज मुदतवाढ मिळते ती मेहेरबानी म्हणून, आणि ज्याच्यापर्यंत बातमी पोहोचते त्यालाच तिचा फायदा होतो. रोजंदारी बुडवून पुन्हा कॅफेत येणाऱ्या बापाला ती पुरत नाही. 'लोकांनी शेवटच्या दिवसाची वाट का पाहावी?' असे विचारणाऱ्यांनी तहसीलमध्ये दाखल्याच्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे. सुरक्षेचा धोका सांगितला जाईल, तर त्यालाही उत्तर आहे: आतली यंत्रणा, प्रोसेसची नावे, पत्ते काहीही दाखवू नका. फॉर्म घेतला जात होता की नव्हता, तेवढे तासवार सांगा.

माहितीचा अधिकार कायदा २००५ मधले चौथे कलम सरकारी कार्यालयांना माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगते. तोवर मागून घ्यावी लागेल. फॉर्म अडकला की स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या, शक्य असेल तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकालाही तेच करायला सांगा. मग दहा रुपयांच्या अर्जात 'सर्व्हर बंद होता का?' असे विचारू नका, कारण उत्तर 'नाही' असेच येईल. विचारा: अमुक तारखेला सायंकाळी सहा ते रात्री बारा या वेळेत दर तासाला किती फॉर्म जमा झाले, आणि त्याच्या आदल्या दिवशी त्याच वेळेत किती?