टाळूवरचा कान

तान्ह्या बाळाची टाळू भरताना आजीच्या तळहाताला खालची धडधड लागते. तिथे हाडे अजून जुळलेली नसतात. ही फट साधारण दीड वर्षापर्यंत बुजते, आणि तोवर ध्वनिलहरींना मेंदूकडे जायला ती उघडी खिडकीच असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घेतलेल्या बाळाच्या टाळूवर किंवा कानशिलाच्या पातळ हाडावर डॉप्लरचा प्रोब टेकवला, की मेंदूच्या धमनीतले रक्त किती वेगाने धावते आहे ते पडद्यावर दिसते. लयीत ऐकूही येते.

हे तंत्र नवे नाही. रून आस्लीड यांनी १९८२ मध्ये कवटीच्या बाहेरून मेंदूच्या धमन्यांतला वेग मोजून दाखवला. आपल्याकडे मात्र सोनोग्राफी म्हटले की गर्भवतीचे पोट आणि भिंतीवरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटीच आठवते. त्यामागे १९८८ चा महाराष्ट्राचा आणि १९९४ चा देशाचा कायदा आहे, आणि ती पाटी हवीच. पण त्याच जातीच्या लहरींचा हा दुसरा उपयोग वाचकांच्या कानावर फारसा पडलेला नाही.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. हृदय उघडायचे तर तेवढ्याच रक्ताला यंत्रातून फिरवून आणावे लागते. गुंतागुंतीच्या दोषांत शरीर अठरा अंशांपर्यंत थंड करतात आणि काही मिनिटे रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. अशा वेळी भूलतज्ज्ञासमोरचा रक्तदाब ठीक असतो, यंत्राचा प्रवाहही ठरल्याप्रमाणे असतो. पण डोक्याकडून परतणारे रक्त ओढून घेणारी नळी केसभर सरकली, तर रक्त वर तुंबते आणि मेंदूला मिळणारा प्रवाह घटतो. रक्तदाबाच्या आकड्यात ते दिसेलच असे नाही. डॉप्लरची रेघ मात्र लगेच खाली येते. शल्यविशारदाने नळी जरा फिरवली, की काम भागते. नळ्यांतून हवेचा बुडबुडा मेंदूकडे निघाला तर तोही वेगळ्या आवाजाने ओळखू येतो.

अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये २५० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. डॉप्लर, मेंदूचा विद्युत आलेख आणि कपाळावरची ऑक्सिजन मोजणारी पट्टी अशी तिहेरी नजर त्यांनी ठेवली होती. दर दहांतल्या सात मुलांत शस्त्रक्रियेदरम्यान काही ना काही दखलपात्र बदल दिसला. तो पाहून उपाय केला त्यांपैकी ६ टक्के मुलांत पुढे मेंदूच्या तक्रारी राहिल्या. बदल दिसूनही उपाय झाला नाही त्यांच्यात २६ टक्के. हा चिठ्ठ्या टाकून केलेला काटेकोर प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येणार नाही. तरी फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही.

भोपाळमध्ये हा मुद्दा काढण्याला कारण आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर इथल्या मृतांच्या आकड्यावर वर्षानुवर्षे वाद झाले, पण शहराचे खरे दुखणे जगलेल्यांच्या फुप्फुसांत आणि डोळ्यांत उरले. पाच लाखांहून अधिक लोकांना भरपाई मंजूर झाली ती त्यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून उभ्या राहिलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचा विभाग आहे, २०१२ पासून शहरात एम्सही आहे. मध्य प्रदेश सरकारची बाल हृदय उपचार योजना आहे. 'वाचला' हा शब्द हिशेबाला पुरत नाही, हे कळायला या शहराला बाहेरच्या कुणाची गरज नाही.

पण योजनांचे हिशेब अजून तिथेच थांबतात: इतकी मुले तपासली, इतक्या शस्त्रक्रिया झाल्या. मूल पाचव्या वर्षी बोलते कसे, पेन्सिल धरते कशी, वर्गात टिकते का, हे त्या रकान्यांत नसते. बोस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या उलट जोडलेल्या १७१ बाळांना अभ्यासात घेतले गेले आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. हृदये उत्तम चालत होती. तरी जवळपास दोन तृतीयांश मुलांना कधी ना कधी अभ्यासात किंवा वागणुकीत खास मदत घ्यावी लागली होती. सगळा दोष शस्त्रक्रियेचा नव्हे. अशा बाळांचा मेंदू जन्मतःच थोडा मागे असतो, आणि पुढे अतिदक्षता विभागातले दिवसही भोवतात. पण ऑपरेशनची ती दोन-तीन तासांची वेळ डॉक्टरांच्या हातातली असते.

आक्षेप ठाऊक आहेत. डॉप्लरचा प्रोब सरकतो, त्याच्याकडे पाहणारा शिकलेला माणूस लागतो, आणि तो प्रवाहाचे प्रमाण नव्हे तर वेग दाखवतो. कपाळावरची पट्टी सोपी पडते. मग पट्टी सर्व बाळांना लावावी, आणि महाधमनीची कमान दुरुस्त करताना, म्हणजे एकाच धमनीतून मेंदूला रक्त पुरवायचे असते तेव्हा, डॉप्लर असावा. रक्त किती सोडायचे हा प्रश्न तिथे अंदाजाने सोडवणे बरे नाही. त्या माणसाचा पगार आणि पट्टीची किंमत योजनेच्या दरपत्रकातच धरावी. वेगळी मागणी केली की ती फायलीत पडून राहते.

माग ठेवायला तर नवे काही बांधायचेही नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीच पथके अंगणवाडीत आणि शाळेत हृदयदोषाचा संशय असलेली मुले शोधतात. त्याच कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रांत वाचा, श्रवण आणि मुलांचा विकास तपासण्याची सोय धरलेली आहे. छातीवर टाके पडलेले मूल घरी जाताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर त्या केंद्राची तारीख लिहून द्यावी: पहिली एका वर्षाने, दुसरी शाळेत नाव घालण्याआधी.