रस्ता गावापर्यंत, शिखरापर्यंत नव्हे

हिमालयात जाऊन आलेला माणूस परतल्यावर हटकून एक तक्रार करतो : रस्ते झाले आणि डोंगर बिघडले. पाठीवर पिशवी घेऊन पायी हिंडणारे तर हे वाक्य जरा अभिमानानेच उच्चारतात. मीही पायी हिंडणारांपैकीच. तरी हे वाक्य मला सरसकट मान्य नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही पाच मित्र मनालीजवळून निघून हामटा खिंडीतून लाहूलमध्ये उतरलो. खिंडीची उंची सुमारे ४,२७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. पीर पंजाल रांगेच्या अलीकडे कुलूचे खोरे देवदारांनी हिरवेगार. पलीकडे चंद्रा नदीचे खोरे उघडेबोडके, भुऱ्या दगडांचे. पावसाळी ढग या रांगेपाशी अडतात. सह्याद्री कोकणाला भिजवतो आणि माणदेशाला कोरडे ठेवतो, तोच न्याय येथे प्रचंड प्रमाणावर. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ मी शाळेत पाठ केला होता. तो कळला खिंड चढून पलीकडे उतरल्यावर. एवढे श्रेय पायवाटेला दिलेच पाहिजे.

पण मित्रहो, ही वाट पाडली कुणी? हौशी प्रवाशांनी नव्हे. गद्दी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांचे कळप घेऊन, कुरणे शोधत या खिंडी ओलांडत आले आहेत. आपल्याला जी रम्य वाटते ती त्यांची पोटाची वाट आहे. तेथे आपण पाहुणे, आणि यजमानाच्या घरी रस्ता असावा की नसावा हे पाहुण्याने ठरवू नये.

लाहूलची कथा पाहा. मनालीकडे यायचे तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि बर्फाने ती वर्षातले जवळजवळ सहा महिने बंद असे. आजारी माणसाची भिस्त हेलिकॉप्टरवर, आणि हेलिकॉप्टरची हवामानावर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. आता मोठ्या बर्फवृष्टीचे दिवस सोडले तर भर हिवाळ्यातही लाहूलचा माणूस मनालीस पोहोचू शकतो. या बोगद्याने पर्वताचे गूढ गेले, असे एकाने मला सांगितले. बाळंतीण अडली असता त्या गूढाचे काय करायचे?

हे मी पुस्तकातून बोलत नाही. आमच्या वाडीला डांबरी रस्ता आला तेव्हा मी सातवीत होतो. त्याआधी पावसाळ्यात माझ्या चुलतीला चौघांनी डोलीत घालून ओढ्यापलीकडे नेले. ती वाचली, तिच्याआधी नेलेल्या सगळ्याच वाचल्या नाहीत. रस्ता झाला म्हणून एस.टी. आली, आणि एस.टी. आली म्हणून आमच्या घरातले पहिले माणूस कॉलेजात आले. ‘रस्ते नकोत’ हे म्हणायला आधी दाराशी रस्ता असावा लागतो!

मग कुठेही, कितीही रस्ते करावेत काय? मुळीच नाही. रोहतांगवर मोटारींची इतकी गर्दी होऊ लागली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला लक्ष घालावे लागले. २०१५ पासून तेथे प्रवासी गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. ती योग्यच आहे. दवाखान्याकडे निघालेली गाडी आणि बर्फात छायाचित्र काढायला निघालेली गाडी यांना एकच माप लावता येणार नाही. चंद्रताल सरोवराचा २००५ साली रामसर यादीत समावेश झाला. तेथे मोटारी तळ्याच्या अलीकडेच थांबवतात आणि काठावर तंबू ठोकू देत नाहीत. शेवटचे अंतर सर्वांनाच चालावे लागते. त्याने कुणाचे काही बिघडत नाही. तळ्याचे मात्र भले होते.

माझे म्हणणे इतकेच : रस्ता गावापर्यंत जावा, तळ्याच्या काठापर्यंत आणि शिखराच्या टोकापर्यंत जाऊ नये. त्या रस्त्याच्या कडेला झारखंड-बिहारहून आलेले मजूर विरळ हवेत खडी टाकताना दिसतात. त्यांच्या घामावरून आपली गाडी डोंगराच्या पायथ्याशी पोहोचते, आणि मग आपण पायवाटेचे गोडवे गातो. गोडवे जरूर गावेत. परंतु पुढच्या सुट्टीत सह्याद्रीत जा की हिमालयात, एखाद्या रस्त्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या टोकाला कोण राहते, एवढे विचारून घ्यावे.