पोटबंदी

वजन कमी करण्याविषयी तावातावाने बोलणाऱ्या लोकांचे दोन प्रकार असतात. ज्यांचं वजन मुळात वाढलेलंच नाही ते एक, आणि जे येत्या सोमवारपासून सुरुवात करणार आहेत ते दुसरे. या दोघांशीही माझं भांडण नाही. पहिल्यांचा मला हेवा वाटतो आणि दुसऱ्यांची सोबत आवडते. माझं भांडण आहे ते तक्त्याशी.

तक्ता तुम्ही पाहिला असेलच. तो नागपूरहून येतो, पुण्याहून येतो, हल्ली मेहुणा मोबाइलवर पाठवतो. सकाळी सहाला कोमट पाण्यात लिंबू. आठला ओट्स. अकराला बदाम पाच. (सहावा खाल्ला तर काय होतं हे दिलेलं नसतं, पण काहीतरी भयंकर होत असावं.) दुपारी किन्वा नावाचं एक धान्य, ज्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आहे. रात्री सूप. आणि तळाशी, फरारी गुन्हेगाराच्या फोटोखाली लिहितात तशा ठळक अक्षरांत : भात बंद.

अहो, पण हे सांगता कुणाला? चंद्रपूर-गडचिरोलीला? मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा, आरमोरी, हा सगळा धानाचा मुलूख. इथे पाहुण्याने चार पोळ्या खाल्ल्या तरी भात घेतल्याशिवाय तो जेवला असं कुणी मानत नाही. याच नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे नावाचे एक जेमतेम शिकलेले, तुटपुंज्या जमिनीचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडलं आणि तो देशभर पोचला. २०१८ साली दादाजी गेले. त्यांच्या जिल्ह्यात येऊन कुणी 'भात बंद' म्हणावं, हे म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबड्या रश्श्यावर ओरडण्यासारखं आहे.

मी भाताची वकिली करतो म्हणजे परातभर खा असं सांगत नाही. तांदूळ पॉलिशचा, वर डोंगर, शेजारी आलूचा रस्सा, आणि जेवणानंतर दोन तास झोप, असा बेत रोज असेल तर दोष तांदळाचा नाही, डोंगराचा आहे. डोंगराचा माथा उतरवता येतो. तक्त्याला ते सुचत नाही. त्याला फक्त बंदी येते.

बंदीचा आमच्या भागाला अनुभव आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ती योग्य की अयोग्य या वादात मी पडत नाही. त्या वादात पडलेली माणसं अजून वर आलेली नाहीत. मी एवढंच म्हणतो की सरकारकडे पोलीस आहेत, नाके आहेत, एक स्वतंत्र खातं आहे, तरी बंदी राखताना त्याची दमछाक होते. पोटबंदी राखायला घरात कोण आहे? एक बायको, आणि तीही सांभारवडी उत्तम करते.

आमच्या शेजारी एक निवृत्त साहेब राहतात. एका सोमवारी त्यांनी भात, साखर, तेल आणि बटाटा यांच्यावर एकदम बंदी जाहीर केली. मंगळवारी त्यांनी आम्हाला बंदीचे फायदे सांगितले. बुधवारी ते कुणाशी बोलले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी चौकातल्या टपरीवर आलूबोंड्यावर रस्सा ओतून घेताना मला दिसले.

"काय साहेब, तक्ता?" मी विचारलं.

"तो घरचा जी," साहेब शांतपणे म्हणाले. "इथे मी चौकात उभा आहे."

तिथवर ठीक होतं. एका बोंड्याने कुणी मरत नाही. पण साहेबांनी पुढे जे केलं त्यात बंदीची सगळी खोड आहे. ते म्हणाले, "आता मोडलीच आहे, तर..." आणि जिलबी मागवली. शुक्रवारी तक्ता फ्रिजवरून उतरला. म्हणजे चार दिवसांत जे कमावलं ते 'तर' या एका शब्दाने गेलं. सगळं किंवा काहीच नाही, अशी अट घातली की माणूस शेवटी 'सगळं' निवडतो. भूक मारायला खर्रा तोंडात टाकणारे महाभागही मी पाहिले आहेत. ढेकणासाठी घर जाळणं म्हणतात ते हेच.

मग करायचं काय? थोडा हिशेब करायचा, एवढंच. आपल्याकडे चहाचे दिवसाला सहा कप सहज होतात. घरचे दोन, ऑफिसचे दोन, आणि 'नको नको' म्हणत घेतलेले दोन. कपाला दोन चमचे साखर धरली आणि चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर रोजची साखर साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे जिलबीपर्यंत पोचायच्या आधीच आपण दुपटीच्या पुढे. आता कपामागे एक चमचा कमी करा. चहा बंद नाही, कप कमी नाही, एक चमचा. दिवसाचे तीस ग्रॅम वाचले. वर्षाचे जवळजवळ अकरा किलो! एवढी साखर पोत्यात भरून ओसरीवर ठेवली तर येणारा-जाणारा विचारील, लग्न कुणाचं आहे? आणि हा चमचाही एका दिवसात सोडू नका. पंधरा दिवसांनी अर्धा, पुन्हा पंधरा दिवसांनी अर्धा. जिभेला पत्ता लागता कामा नये. (ज्यांची मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.)

तेलाचंही तसंच. आमच्याकडे वडाभात करतात आणि वर कडकडीत फोडणीचं तेल घेतात. तेलाशिवाय वडाभात म्हणजे नुसता कोरडा उपदेश. पण पळी एकच की दोन, हे आपल्या हातात आहे. माणशी रोज पंचवीस ग्रॅम तेल धरलं तर चौघांच्या घरात पंधरा किलोचा पिपा पाच महिने पुरायला हवा. माझ्या माहितीतल्या खात्यापित्या घरांत तो दिवाळीला फुटतो आणि संक्रांतीला वाजतो. वजनाच्या काट्यावर रोज चढण्यापेक्षा पिपा उघडल्याची तारीख त्यावर खडूने लिहा. आणि दुसरं माप पायजम्याच्या नाडीचं. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या वर गेला की आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. नाडीला खोटं बोलता येत नाही.

असल्या किरकोळ गोष्टींनी काय होतं, असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' सुरू केली. खेड्यांत जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यातच जात होती, आणि दवाखाना कोसांवर. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं : बाळाला कोरडं ठेवा, उबेत ठेवा, आईचं दूध लगेच पाजा, झोळीच्या काट्यावर वजन करा, धोक्याची खूण ओळखा, वेळ पडली तर औषध द्या. घरातल्या घरात, रोज जमेल असं काम. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. याच डॉ. अभय बंगांना पुढे हृदयविकाराचा झटका आला. मग त्यांनी स्वतःचं खाणं, चालणं, मनाची धावपळ कशी बदलली, ते 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'मध्ये लिहिलं. मराठी मध्यमवर्गाने ते पुस्तक डोक्यावर घेतलं. मी ते अनेक घरांत पाहिलं आहे. शोकेसमध्ये, फरसाणाच्या बरणीशेजारी.

आणि तक्त्याचा मला खरा राग येतो तो इथे. आमच्या या दोन जिल्ह्यांत अंगणवाडीतली ताई पोराला काट्यावर ठेवते आणि काटा थोडा पुढे सरकावा म्हणून श्वास रोखते. त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात, आम्ही आमच्या काट्यावर उभे राहून तो मागे यावा म्हणून श्वास रोखतो. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर बायकांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं गरम जेवण द्यावं लागतं, आणि आम्हाला जेवण चुकवण्याची योजना पैसे मोजून घ्यावी लागते. त्यात परदेशी धान्याची पिशवी आणून आम्ही ती कपाटात किडवतो.

पावसाळ्यात गोल बाजारात जा. बायका टोपलीत तरोटा घेऊन बसलेल्या असतात, अंबाडी असते, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब असतात. ब्रोकोलीची चौकशी करत आपण त्यांच्यासमोरून जातो. ती टोपली घरी न्या. पानात आधी दुप्पट भाजी घ्या, मग घट्ट वरण, मग भात. भाताला जागाच कमी उरते. त्याला कुणी बंदी घालावी लागत नाही. आणि पहाटे चाला. मे महिन्यात सकाळी आठ वाजता चालायला निघणाऱ्या चंद्रपूरकराचं वजन घटेल, पण तो परत येईल की नाही सांगता येत नाही.

राहता राहिला आग्रह. आमच्याकडे माणूस भाताने फुगत नाही, "घ्या जी, थोडासाच" या तीन शब्दांनी फुगतो. त्यावर 'नको' हे उत्तर चालत नाही. यजमानीण ते ऐकूच शकत नाही. उपाय एकच : पहिल्या वाढीलाच निम्मं घ्यायचं. दुसऱ्यांदा वाढल्यावर तिचा मान राहतो आणि आपलं माप. मी तो परवाच ब्रह्मपुरीला एका घरी करून पाहिला.

"वहिनी, आत्ता निम्माच वाढा," मी म्हटलं.

वहिनींनी डाव हवेतच थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या जरा. यांचं काहून घरी भांडण झालं आहे?"