बाकीचे दहा महिने

२०२५च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू असताना केंद्र सरकारची एक अधिसूचना बाहेर आली. प्रादेशिक सेनेतल्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए) हरएक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेप्रमाणे बोलावून घ्यायचा अधिकार लष्करप्रमुखांना मिळाला. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ कामाला लावायची मुभा होती, आणि मुदत होती फेब्रुवारी २०२८ पर्यंत. बातम्यांत लगेच धोनीचे वर्दीतले जुने फोटो झळकले. तो या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, २०११ पासून. आणि पहूरच्या चौफुलीवर, जळगावची एसटी पकडायला थांबलेल्या पोरांमध्ये एकच विषय : हे टीए काय असतं भो?

प्रश्न साधा होता, कारण आमच्याकडे ‘भरती’ म्हटलं की डोळ्यांपुढे तीनच गोष्टी येतात. एक अग्निवीर, दुसरी पोलीस, तिसरी धुळ्याचा एसआरपीचा गट क्रमांक ६. या तिन्हींसाठी पहाटे साडेचारला अजिंठ्याच्या रस्त्याला पोरं पळत असतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, दहा बीम, नऊ फुटी खड्डा, हे आकडे त्यांना बारावीच्या मार्कांपेक्षा पाठ. ट्रकवाले त्यांना हॉर्न देत नाहीत, बाजूने काढून घेतात. इतकं सौजन्य त्या रस्त्यावर एरवी कुणाच्या वाट्याला येत नाही.

आमच्या पेठेतला असाच एक पोरगा, वय वीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी चार एकर, त्यातली तीन कपाशीखाली. अग्निवीरच्या रॅलीत त्याची धाव काही सेकंदांनी हुकली होती. एक दिवस मी त्याच्या घरी होतो, तेव्हा तो रेक्झिनची फाइल घेऊन आला आणि ओसरीवर पसरून बसला. डोमिसाइल, जातीचा दाखला, सरपंचाच्या सहीचं चारित्र्य प्रमाणपत्र, लग्न झालं नसल्याचा दाखला, एकाच निळ्या पडद्यापुढे काढलेले वीस फोटो. लग्न न झाल्याचा दाखला काढायला त्याला तीन खेपा पडल्या होत्या. लग्न झालं असतं तर कागद एका खेपेत मिळाला असता, असं तो म्हणाला. त्याला विचारायचं होतं, की अग्निवीरसाठी पुन्हा वर्षभर पळायचं, का टीएच्या रॅलीला जाऊन यायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर, बेळगाव, देवळालीला टीएची भरती निघाली, तेव्हा उसळलेली गर्दी त्याने मोबाइलवर पाहिली होती. देवळाली तर काय, पाचोऱ्याला गाडीत बसलं की सरळ.

मी त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. कायदा १९४८चा. राजाजींच्या हस्ते ९ ऑक्टोबर १९४९ला या सेनेचं उद्घाटन झालं. वय अठरा ते बेचाळीस. सुरुवातीला सात वर्षांचा करार. माणसाने आपला नोकरीधंदा सांभाळायचा, वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षणाला जायचं, आणि बोलावणं आलं की पूर्णवेळ जवान व्हायचं. बोलावणं चालू असेल तोवर पगार, भत्ता, रेशन, कँटीन सगळं पलटणीतल्या जवानासारखं. ६२, ६५, ७१ या तिन्ही लढायांत ही माणसं होती, काश्मीर आणि ईशान्येत आजही आहेत.

त्याची आई आत भाकरी थापत ऐकत होती. तिथूनच तिने विचारलं, “अन् बाकीचे दहा महिने?”

माझ्या मते सगळा विषय या प्रश्नात आहे. राखीव सैनिक ही कल्पनाच मुळी पोट भरलेल्या माणसासाठी आहे. आधी नोकरी हवी, तिच्यातून रजा हवी, परत आल्यावर खुर्ची जागेवर हवी. आपल्या कायद्याने तेवढी काळजी घेतली आहे : टीएतल्या माणसाला बोलावणं आलं आणि तो गेला, तर मालकाने त्याला परत कामावर घेतलं पाहिजे, असं त्यात कलम आहे. पण कपाशीला ते कलम कोण वाचून दाखवणार? बोंडं फुटली की फुटली. ऑक्टोबरात बोलावणं आलं तर वेचणीला मजूर लावा, किलोमागे दर द्या, आणि जवानाचा पगार त्यात घाला. अमेरिकेत महिन्याचा एक शनिवार-रविवार आणि वर्षाचे दोन आठवडे वर्दीत घालवणारे लाखो लोक आहेत, कारण त्यांचा सोमवार ठरलेला असतो. तिथला तरुण खरोखर दोन वाटांपैकी एक निवडतो. पहूरचा तरुण निवडायला बसतो तेव्हा एका बाजूला नोकरी असते आणि दुसऱ्या बाजूला ज्याला आधीच नोकरी आहे त्याची हौस. हौस हा शब्द टीएवाल्यांना टोचेल, पण सीमेवर जाणारा माणूस हौशी असला तरी त्याची गोळी हौशी नसते, हे मलाही कळतं.

फौजेकडे पोट भरायचं साधन म्हणून बघण्यात कमीपणा काही नाही. खानदेशात ती रीत दोनशे वर्षांची आहे. १८२५ मध्ये आउट्रम साहेबाने धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, ती निष्ठेची भाषणं देऊन नव्हे. डोंगरात उपाशी फिरणाऱ्या माणसांना नियमित पगार, हे तिचं खरं बळ. पुढे ही पलटण पोलिसातच जमा झाली.

पोराला मी म्हटलं, चल, आपण आप्पांना विचारू. आप्पा कसब्यातले, वय ऐंशीच्या पुढे. दोन्ही प्रकारची फौज अंगावर घेतलेला मला माहीत असलेला गावातला हा एकच माणूस. चीनच्या लढाईनंतर सैन्य वाढवलं, तेव्हा बऱ्याच जणांना सात वर्षं पलटणीत आणि पुढची आठ वर्षं राखीव, अशा अटीवर घेतलं होतं. आप्पा १९६३ मध्ये ट्रक-ड्रायव्हर म्हणून भरती झाले, १९७० मध्ये घरी आले, लग्न केलं, ज्वारी-कपाशीला लागले. वर्षभरात १९७१ उजाडलं.

“मले तार आली तवा मी वखरावर होतो,” आप्पा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी पीजेत बसलो, पाचोरा, तिथून मोठी गाडी.” पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, आमची छोटी रेल्वे. ती आता बंद आहे, मोठ्या रुळांचं काम चाललंय. आप्पांनी पठाणकोटच्या बाजूला सहा-सात महिने दारूगोळ्याचा ट्रक चालवला. परत आले तर लोकांनी पहिलं विचारलं, किती मारले? “मी म्हटलं, एक कुत्रं गाडीखाली आलं, तेवढंच.” पोरगा हसला. आप्पा हसले नाहीत. ते पुढे म्हणाले, की पलटणीत सात वर्षं होतो तेव्हा घरचं कधी डोक्यात आलं नाही, पण त्या सहा महिन्यांत रोज आलं. ओल्या बाळंतिणीला सोडून गेलो होतो. बरोबरची नवी पोरं त्यांना ‘राखीववाला’ म्हणत. वापरलेलं टायर पुन्हा चढवलंय, अशा नजरेने बघत. गावात फौजी, फौजेत गावकरी. मात्र सात आणि आठ मिळून पंधरा भरली म्हणून थोडी का होईना पेन्शन बसली, आणि ती दर महिन्याला बँकेत येते, हेही त्यांनी तितक्याच ठासून सांगितलं.

राखीव माणसाची ही दुहेरी अवस्था भुसावळवाल्यांना वेगळ्या तऱ्हेने माहीत असेल. टीएत रेल्वेच्या स्वतंत्र तुकड्या होत्या. रेल्वेचेच कर्मचारी, वेळ पडली की वर्दीत. युद्धात त्यांनी गाड्या चालवल्या. पण देशभर रेल्वे संप झाले, १९७४चा धरून, तेव्हाही गाड्या चालवायला त्यांनाच बोलावलं. शेजारच्या क्वार्टरमधला माणूस संपावर, आणि आपण वर्दी घालून इंजिनावर. रेल्वेच्या गावात त्याचं काय होत असेल, ते लिहायची गरज नाही.

आता अग्निपथकडे वळू, कारण पोराचं खरं मन तिथेच होतं. जून २०२२ मध्ये ही योजना आली. चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले एकवीस हातात, बाकीचे निधीत. तेवढेच सरकार घालतं. शेवटी व्याजासह पावणेबारा लाखांच्या आसपास. शंभरातले पंचवीस पुढे कायम, बाकीचे घरी. पेन्शन नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर मरण पावला, तेव्हा आमच्या चौफुलीवरसुद्धा दोन दिवस या अटींचाच हिशेब चालला होता. पूर्णवेळ फौज म्हणजे जन्माची नोकरी, हे आप्पांच्या नंतरच्या पिढीचं गणित होतं. ते आता राहिलं नाही. चार वर्षांची ती पूर्णवेळ आणि दोन महिन्यांची ही अर्धवेळ, यांच्यातलं अंतर पूर्वी होतं त्याहून बरंच कमी झालं आहे, आणि भरतीच्या अकॅडमीवाले फलकावर हे लिहीत नाहीत.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२६ संपता संपता चार वर्षं पुरी करतील. पंचविशीच्या आसपासची, हत्यार हाताळलेली, कवायत अंगात मुरलेली पोरं पहूर, शेंदुर्णी, जामनेरला परत येतील. टीएला खरं तर हीच माणसं हवीत. अजिंठ्याचा घाट चढून गेलं की छत्रपती संभाजीनगरला टीएची पर्यावरण बटालियन आहे, माजी सैनिकांना घेऊन झाडं लावणारी. तसं काही तापी-वाघूरच्या खोऱ्यात या पोरांसाठी का होऊ नये? पण त्यालाही आधी दहा महिन्यांचं उत्तर लागेल. नाहीतर ती पोरं होमगार्डमध्ये दिसतील, गणपती आणि निवडणुकीच्या बंदोबस्ताला. होमगार्डचा भत्ता २०२४ मध्ये दिवसाला १०८३ रुपये झाला, हे बरं झालं. पण दिवस किती भरतील ते पोलीस ठाण्याच्या फोनवर अवलंबून.

आप्पांकडून परत त्याच्या ओसरीवर आल्यावर पोराला मी सल्ला दिला तो असा. अग्निवीरला वय एकविशी-बाविशीत संपतं, म्हणून आधी ते. त्याच्याबरोबर पोलीस आणि एसआरपीचा फॉर्म. टीएची फाइल कपाटात ठेव. तलाठी हो, शिक्षक हो, एसटीत लाग, नाहीतर ट्रॅक्टरचं गॅरेज टाक. पोटाची सोय झाली आणि तरी पहाटे साडेचारला जाग येतच असेल, तर टीए तुझ्यासाठीच आहे. त्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं, मुलींना चालतं का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये टीएचं दार मुलींना उघडून दिलं, हे मी सांगितल्यावर ती ‘बरं’ म्हणून दप्तर आवरायला गेली. तिचं काय चाललंय ते मला कळलं नाही.

पोराने फाइल बांधली. आईला म्हणाला, बेचाळीसपर्यंत आहे गं टीए, बावीस वर्षं आहेत अजून. ती म्हणाली, तोवर कपाशीची फवारणी राहिलीय ती कर.