हाडात स्नायू कुठून आला?

बालमित्रांनो, स्नायूंचे प्रकार तुम्ही शाळेत शिकलाच आहात. हात उचलायचा म्हटलं की उचलला जातो, ते ऐच्छिक स्नायूंचं काम. पण खाल्लेला घास आतड्यातून पुढे ढकलताना आपल्याला कुणी विचारतं का? ते काम अनैच्छिक स्नायू परस्पर उरकतात. आतडी, गर्भाशय, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतल्या अशा स्नायूंवर सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसत नाहीत. म्हणून त्यांना अरेखित स्नायू म्हणतात.

या स्नायूंसारख्या पेशींचा कॅन्सर म्हणजे लायोमायोसार्कोमा. क्वचित तो चक्क हाडात सुरू होतो. बहुतेक वेळा मोठ्या माणसांना, आणि बरेचदा गुडघ्याजवळ. आता सांगा पाहू, हाडात स्नायू कुठून आला? अहो, हाड म्हणजे काही वाळकं लाकूड नव्हे! त्यात रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्या भिंतींत हे स्नायू असतात. तिथूनच हा रोग सुरू होत असावा, असं डॉक्टरांना वाटतं.

मग तो ओळखायचा कसा? एक्स-रेमध्ये हाड पोखरल्यासारखं दिसतं. पण तसं इतर रोगांतही दिसतं. एमआरआयमुळे गाठ कुठवर पोचली ते कळतं, तिची जात कळत नाही. म्हणून गाठीचा छोटासा तुकडा काढून तपासतात. हीच बायॉप्सी. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींना छेदून जाताना दिसतात. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या ऑस्टिओसार्कोमात रोगट पेशी कच्चं हाड बनवतात. इथे तसं होत नाही. शेवटी खास प्रतिपिंडं वापरून रंग देतात. स्नायूंतली ॲक्टिन, डेस्मिन ही प्रथिनं असली की पेशी तपकिरी होतात आणि ओळख पटते.

झालं? छे! चोर सापडला, पण तो याच गावचा की परगावचा? गर्भाशयात किंवा पोटात सुरू झालेला हाच कॅन्सर पसरत हाडात येऊ शकतो. म्हणून छाती-पोटाचं स्कॅनिंगही करतात. रोग हाडातलाच असेल, तर ती गाठ पूर्ण काढून टाकणं हा मुख्य उपाय. बाहेरून आलेला असेल, तर उपचारांची सगळी आखणीच बदलते. म्हणून आधी नाव-गाव पक्कं, मग उपचार!

घाबरू नका हं. खेळून गुडघा दुखणं नेहमीचंच आहे. पण दुखणं आठवडे न् आठवडे राहिलं, रात्री झोपेतून उठवू लागलं किंवा सूज वाढत गेली, तर लपवू नका, घरी सांगा. आणि पालकहो, अशा सुजेला मालीश करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा.

आता या आठवड्याचा प्रश्न: थंडीत अंगावर काटा येतो, तो कोणत्या प्रकारच्या स्नायूंमुळे? विचार करा, आणि आपल्या बाईंना किंवा सरांना सांगा!