समुद्रतळीचे जुने देणे

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. बाल्टिक आणि उत्तर समुद्राचा तळ मात्र ते मान्य करावयास तयार नाही. पराभूत जर्मनीच्या कोठारांत उरलेल्या दारूगोळ्याचे काय करावयाचे, या प्रश्नाला विजेत्यांनी त्या वेळी सर्वांत स्वस्त उत्तर शोधले. तो जहाजांत भरून समुद्रात लोटण्यात आला. आज एकट्या जर्मनीच्या सागरी हद्दीत सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडून असावा, असा अंदाज आहे. बोर्नहोम बेटानजीक विषारी मस्टर्ड वायूचे बाँब बुडविले गेले, आणि त्या विषाचे गोळे जाळ्यात येऊन कोळ्यांची कातडी भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. ‘दृष्टिआड सृष्टी’ ही म्हण इतक्या मोठ्या प्रमाणावर सरकारी धोरण क्वचितच बनली असेल.

हे संकट आपोआप विरून जाणारे नाही. खाऱ्या पाण्यात लोखंडी कवच गंजते आणि आतील द्रव्य पाण्यात झिरपते. कील शहराजवळील कोल्बेर्गर हाइडे येथे ठेवलेल्या शिंपल्यांच्या मांसात टीएनटीपासून बनलेली द्रव्ये शास्त्रज्ञांना आढळली आहेत. स्फोटाची भीती तर आहेच. टेम्स नदीच्या मुखाशी १९४४ साली बुडालेल्या ‘रिचर्ड माँटगोमेरी’ या जहाजात अद्याप सुमारे १,४०० टन स्फोटके आहेत. त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील जवळपास तेवढ्याच स्फोटकांनी मुंबईच्या गोदीचे काय केले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

परंतु उचलावयाचे तर आधी सापडावयास हवे, आणि खरी अडचण तेथेच आहे. ठरलेल्या जागी पोहोचण्यापूर्वीच वाटेत माल टाकून परतणारी जहाजे पुष्कळ होती. त्यामुळे कागदावरील नोंदींवर भिस्त ठेवता येत नाही. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र मिळते, पण गाळात रुतलेली वस्तू अनेकदा हुकते. चुंबकमापकाला लोखंड कळते. मात्र जर्मनीचे काही सुरुंग ॲल्युमिनियमचे होते, ते त्याला जाणवत नाहीत. उलट गंजलेला पत्रा, तुटलेला नांगर, जुनी साखळी यांपुढे ते यंत्र उगाच ओरडते. प्रत्येक खोट्या इशाऱ्यामागे पाणबुड्याचे श्रम, पैसा आणि जोखीम खर्ची पडते.

येथे गुरुत्वाकर्षण मदतीस येऊ शकेल, अशी आशा आता व्यक्त होत आहे. भोवतालच्या गाळाहून निराळ्या घनतेची प्रत्येक वस्तू गुरुत्वाकर्षणात सूक्ष्म फरक पाडते, मग ती कोणत्याही धातूची असो. रिकामा पत्रा चुंबकमापकाला फसवील. पण भरलेल्या बाँबचे वस्तुमान त्याला आणता येणार नाही. मात्र हा फरक अतिशय अल्प असतो. ५०० किलोच्या बाँबमुळे दोन मीटरांवर पडणारा फरक पृथ्वीच्या आकर्षणाच्या एक अब्जांशाहूनही कमी भरतो, आणि अंतर दुप्पट होताच तो चौथाईवर येतो. वर लाटांचे हेलकावे त्याहून कित्येक पटींनी मोठे. म्हणून दोन संवेदक थोड्या अंतरावर बसवून त्यांच्या मापांतील तफावत पाहावी लागते. दोघांनाही बसणारा धक्का वजाबाकीत निघून जातो. याच तत्त्वावर, अतिशीत अणूंच्या साह्याने, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जमिनीखालील बोगदा हुडकल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. तथापि स्थिर जमीन आणि हलता समुद्र यांत फार अंतर आहे. शिवाय बाल्टिकच्या तळाशी हिमनद्यांनी आणून टाकलेले धोंडे आहेत. बाँब आणि धोंडा यांतील भेद एकटे गुरुत्वाकर्षण सांगणार नाही. ध्वनी, चुंबक आणि वस्तुमान या तिघांची साक्ष जुळेल, तेव्हाच निवाडा करता येईल.

असे संशोधन अवश्य व्हावे, त्यासाठी सरकारांनी सढळ हाताने पैसा द्यावा. पण उत्तम यंत्र येईपर्यंत थांबू, ही सबब कोणी पुढे करू नये. गंज कोणासाठी थांबत नाही. तसेच उतावळेपणाही नको. २०१९ साली फेहमार्न सामुद्रधुनीत ४२ जुने ब्रिटिश सुरुंग स्फोटाने उडविण्यात आले. त्यानंतर पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे प्राणी मृत आढळले आणि त्यांतील काहींच्या शरीरावर स्फोटाच्या जखमा दिसल्या. शोधणे, ओळखणे, काळजीपूर्वक उचलणे आणि मग नष्ट करणे, हाच क्रम योग्य होय.

आजवर हा शोध मुख्यतः जेथे पवनचक्की उभारावयाची वा तारा टाकावयाच्या, तेथेच होत आला. ज्या पाण्यात कोणाचा नफा नाही, तेथील तळ कोण तपासणार? जर्मन सरकारने १० कोटी युरोंची तरतूद करून २०२४ मध्ये ल्यूबेकच्या उपसागरात प्रायोगिक सफाई आरंभिली, ती या दृष्टीने स्वागतार्ह होय. १६ लाख टनांपुढे ही रक्कम फार तुटपुंजी आहे, हे खरे. परंतु देणे आपले आहे, एवढे तरी त्यातून मान्य झाले. बुडविणारी राष्ट्रे एकाहून अधिक होती. तेव्हा उपसण्याचा भारही एकट्या जर्मनीवर पडता कामा नये. युद्धाचा खर्च विजयोत्सवाच्या दिवशी संपत नाही. तो समुद्रात लोटला, तर नातवंडांना व्याजासह फेडावा लागतो.