बार्शी लाईट गेली, सोय कुठे गेली?

कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे १९०६ ला तिने पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज गाठले. या शतकात रूळ रुंद झाले. ते हवेच होते. कुर्डुवाडीला माल उतरून पुन्हा चढवायची हमाली वाचली. पण त्या गाडीत टोपलीवाल्या म्हातारीला माणसं हात देऊन वर घ्यायची, वेळापत्रक कोण पुसतंय! आज तशी म्हातारी बाजाराला जायला नातवाच्या मोटारसायकलची वाट बघत बसते. लहान स्टेशनांवर थांबणारी, बाजाराच्या वेळेची पॅसेंजर मागणारा ठराव येत्या वार्षिक सभेत आलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.